मालकांच्या मोटारीला जीपचे डोळे

बी.एस्सी. होऊन मी जन्मभर मोटारींचे दिवे बसवले, असं सांगितलं की ऐकणारा सांत्वनाच्या सुरात विचारतो, "का हो, तेव्हा नोकऱ्या नव्हत्या का?" होत्या. आमच्या भागात पदवीधर इतके थोडे होते की मास्तरकी घरी चालत आली होती. पण कॉलेजात प्रकाशाचं परावर्तन या प्रकरणात मला चांगले गुण मिळाले होते, आणि चांद्याला रहीमभाईंच्या गॅरेजात परावर्तन करणाऱ्या वस्तूंचा ढीग पडलेला होता. त्यांना बॅटरी, वायरिंग आणि दिवे यांचं काम पाहणारा माणूस हवा होता. मी गेलो. घराण्यातला पहिला पदवीधर पहिल्याच आठवड्यात मोटारीखाली पाठीवर पडलेला पाहून माझे वडील म्हणाले, "एवढं शिकून झोपाचंच होतं त घरी खाट नव्हती का?"

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली ही त्याच जिल्ह्यातली तहसील होती. मोटारी मोजक्या. त्यातल्या निम्म्या लढाईनंतर लिलावात निघालेल्या आणि उरलेल्या लढाईच्या आधीच्या. सुटे भाग मुंबई-कलकत्त्याहून मागवायचे, आणि ते येईपर्यंत गिऱ्हाइकाचा पत्ता तरी बदलायचा नाहीतर विचार तरी. त्यामुळे एका गाडीचे दिवे काढून दुसरीला बसवणं हा आमच्या धंद्याचा कणाच होता. रहीमभाई म्हणत, "बी.एस्सी., डागदर लोक एकाचं काळीज दुसऱ्याले बसवतील तेव्हा बसवतील. आपण डोळे आजच बसवतो."

बाहेरच्या माणसाला वाटतं, भोक पाडायचं, दिवा खोचायचा, तार जोडायची. तसं नसतं. पहिली अडचण बॅटरीची. काही गाड्या सहा व्होल्टवर चालत, काही बारावर. बाराचा दिवा सहाच्या गाडीला लावला तर तो तापातून उठलेल्या माणसासारखा तांबूस, मरगळलेला जळतो. सहाचा दिवा बाराला लावला तर लग्नातल्या नवरदेवासारखा एकदाच झगमगतो आणि संपतो. दुसरी अडचण बैठकीची. प्रत्येक गाडीची दिव्याची वाटी वेगळ्या घेराची. मग पत्रा कापून, ठोकून नवी वाटी करायची. तिसरी रोखाची. संध्याकाळी गाडी गॅरेजच्या भिंतीसमोर उभी करायची, भिंतीवर खडूची रेघ मारायची आणि प्रकाश त्या रेघेखाली येईल असा दिवा वाकवायचा. रोख वर राहिला की झाडावरची माकडं जागी होतात आणि रस्त्यातला खड्डा झोपलेलाच राहतो.

गिऱ्हाइकंही एकेक होती. मूलच्या रस्त्यावर बस चालवणारे एक गृहस्थ कायम एकच दिवा लावायला सांगत. "दुसरा कायले? रस्ता त एकच आहे." त्यांच्या बसला सगळी झाडीपट्टी, म्हणजे आमचा जंगलमुलूख, 'कानी' म्हणजे एकडोळी मोटर म्हणे. एका भातगिरणीच्या शेठजींनी बोनेटच्या मध्यभागी तिसरा दिवा मागितला. मी बसवून दिला. गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा एका गावातल्या बायकांनी तिला नारळ फोडला, आणि शेठजींनी तो खाली उतरून घेतला.

झाडीपट्टीतला माणूस मोटार नंबरावरून ओळखत नसे. नंबर वाचायला गाडी जवळ यावी लागते, आणि वाचताही यावं लागतं. तो डोळ्यांवरून ओळखे. लांब अंधारात दोन ठिपके दिसले की ओट्यावरचा म्हातारा सांगे, डॉक्टर आहे, बस आहे, ठेकेदाराचा ट्रक आहे. मला हे ठाऊक होतं, पण लोकांची गंमत म्हणून ठाऊक होतं. विद्यापीठाच्या पुस्तकात दिवा रस्ता दिसावा म्हणून लावतात असंच दिलेलं होतं.

आता दाजीसाहेबांची गोष्ट.

दाजीसाहेब म्हणजे आमच्या सावरटोल्याचे आणि आजूबाजूच्या काही गावांचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. सरकारनं मालगुजारी काढून घेतली तरी लोक त्यांना 'मालक' म्हणत. माझे वडील गावचे कोतवाल. दवंडी द्यायची, निरोप पोचवायचे. कोतवालाच्या पोराला नागपूरच्या कॉलेजात घालण्याची कल्पना दाजीसाहेबांची. फी त्यांनी भरली, राहायची सोय त्यांच्या नातलगांकडे केली, आणि पहिल्या वर्षी बूटही त्यांनीच घेऊन दिले. ते उपकार मी विसरलेलो नाही. पुढची हकिगत वाचताना वाचकांनीही विसरू नयेत.

त्यांची मोटार अमेरिकन, लढाईच्या आधीची. पुढे आडव्या दांडीवर, एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर दोन मोठे दिवे. पितळेच्या कडा, आणि प्रकाश हळदीसारखा पिवळा. गावाच्या वळणावर ते दोन पिवळे गोळे दिसले की माणसं खाटेवरून, ओट्यावरून उठत. उभं राहा असं कोणी सांगत नसे. पण मोटार वाड्याशी पोचेपर्यंत सगळी गल्ली उभी असे. मीही लहानपणी हातात भाकर घेऊन उभा राहिलेला आहे. दाजीसाहेब त्या वेळी कोणाकडे पाहत नसत. पाहायची गरज नव्हती.

मालगुजारीबरोबर त्यांचं जंगलही सरकारजमा झालं होतं. पूर्वी गावाला घरापुरता लाकूडफाटा मालकाच्या जंगलातून मिळे. त्याला निस्तार म्हणत. आता निस्ताराला जंगलखात्याचा पास लागू लागला. पास मिळेपर्यंत चूल थांबत नाही, म्हणून लोक बिनपासाचं लाकूड आणत आणि जंगलखात्याची जीप दिसली की पळत.

अशात जनपद सभेची, म्हणजे तहसिलीचा कारभार पाहणाऱ्या सभेची, निवडणूक आली आणि दाजीसाहेब उभे राहिले. "सरकारनं जे काढून घेतलं ते लोक परत देतील," असं ते म्हणत. त्यांना यात काही विनोद वाटत नव्हता. समोर होते देवरावजी शिंपी, आठवडी बाजारात मशीन घेऊन बसणारे. ते सायकलवर फिरत. दाजीसाहेब म्हणाले, "माझ्यासमोर शिंपी? मग मी प्रचार कशाला करू, माप देऊन येतो."

पण प्रचाराच्या तोंडावरच त्यांच्या मोटारीला रानडुक्कर धडकलं. डुक्कर उठून निघून गेलं. मोटारीचे दोन्ही दिवे फुटले आणि ती ऐसपैस दांडी काडीसारखी वाकली.

बैलजोडीनं ओढत मोटार गॅरेजात आली. मागोमाग दाजीसाहेब, आणि त्यांच्या मागे माझे वडील.

"आठ दिवसांत मतदान आहे," दाजीसाहेब म्हणाले. "दिवसा लोक धानाच्या कापणीत. सभा घ्यायची ती दिवेलागणीलाच. मोटारीला दिवे नाहीत तर मी काय कंदील धरून पळू?"

रहीमभाईंनी मान हलवली. "मालक, ह्या बनावटीचे दिवे आता बनतच नाही. सायकल घेता का?"

दाजीसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. रहीमभाई पान्हा शोधायला आत गेले.

वडील माझ्या कानाशी आले. "तुले मालकानं शिकोलं. आता तुह्या शिक्षणाचा काई उपयोग होते का, पाहाचं हाय मले."

उपयोग झाला. गॅरेजच्या मागे जंगलखात्याची एक जीप पडली होती. नाल्यात उलटली, खात्यानं लिलावात काढली, रहीमभाईंनी घेतली. इंजिन गेलेलं, पण दिवे शाबूत. मी तपासलं: जीपही सहा व्होल्टची, मालकांची मोटारही सहाचीच. शिवाय जीपचे दिवे नव्या पद्धतीचे. काच, आरसा आणि तार एकाच बंद भांड्यात. प्रकाश पांढराशुभ्र. दांडी तर कामातून गेलेली, म्हणून मी रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या वाट्या ठोकून दिवे आत बसवले. जीपमध्ये असतात तसेच, जवळजवळ. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी ते आजही धरतो. वायर कुठे दिसत नव्हती, वाटी कुठे खडखडत नव्हती.

संध्याकाळी भिंतीवर प्रकाश पाडला. खडूच्या रेघेखाली इतका सरळ बसला की रहीमभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. दाजीसाहेब डोळे बारीक करून म्हणाले, "पांढरा आहे. स्वच्छ आहे. निवडणुकीला बरा." आणि मला म्हणाले, "तूही चल. वाटेत दिवे गेले तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मोटार दाजीसाहेब स्वतः चालवत. पहिली सभा कोसमटोल्याला. गाव दिसायला लागलं तेव्हा दिवेलागण झाली होती आणि चौकात शेकोटीभोवती बरीच माणसं असावीत असं वाटलं. आम्ही पोचलो तेव्हा शेकोटी होती. माणूस एकही नव्हता. एका चुलीवर भात उकळत होता. एका ओट्यावर चिलीम धुमसत होती. कुत्रीसुद्धा गावाबाहेर तोंड करून उभी होती.

दाजीसाहेबांनी भोंगा वाजवला. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवला, तर लांब धानाच्या बांधीत काहीतरी धडपडल्याचा आवाज आला.

"शिंप्यानं फितवलं," ते म्हणाले.

त्यांनी रिकाम्या चौकात उभं राहून भाषण करायचं ठरवलं. लोक घराआडून ऐकत असतील असं त्यांचं म्हणणं. जंगल सरकारनं नेलं, मी निवडून आलो तर निस्तार मिळवून देईन, असं बरंच चांगलं भाषण झालं. ते मी आणि एका बकरीनं ऐकलं.

पुढे डाकबंगला लागतो. आम्ही जवळ येताच चौकीदार धावत रस्त्यावर आला, खटकन सलाम ठोकला आणि काचेत न पाहताच म्हणाला, "साहेब, कोंबडा कापूनच ठेवला जी. गरम पाणी काढू का?"

दाजीसाहेबांचा चेहरा उजळला. "पाहिलंस? सरकारी माणसालाही कळतं कोण निवडून येणार ते." आणि त्याला म्हणाले, "कोंबडा राहू दे. मत दे."

चौकीदारानं मान वर केली, दाजीसाहेबांना ओळखलं आणि त्याचा हात सलामातून हळूहळू खाली आला. त्याचा चेहरा कोंबड्याचा हिशेब बदलल्यासारखा झाला होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी माझ्या दिव्यांकडे पाहत होतो. खडबडीत रस्त्यावरही रोख हलला नव्हता.

त्या दिवसाची शेवटची सभा सावरटोल्याला, आमच्याच गावात. तिथे तरी लोक उठून उभे राहतील याची दाजीसाहेबांना खात्री होती. मालकांसाठी मांडव घालायचं काम गावानं अंगावर घेतलं होतं; तो निरोप घेऊन वडील दिवे बसण्याआधीच गावी परतले होते. वळण घेतलं आणि पांढरा प्रकाश सरळ मांडवावर पडला. चार खांब उभे होते. बाकीचे खड्ड्यांच्या बाजूला आडवे पडले होते, ताजे तोडलेले, साल ओली. एक डहाळ्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती, बैलांसकट. गाडीवान नव्हता. फावडी, कुदळी, एक पागोटं, दोन चपला. सगळं गाव चपलेतून उडून गेल्यासारखं दिसत होतं.

फक्त सोनाबाई होती. म्हातारी बाई, गुडघ्यांनी अधू. तिला पळता येत नव्हतं, म्हणून ती खांबांच्या ढिगावर बसली होती आणि दोन्ही बाजूंनी लुगडं पसरून ढीग झाकत होती. लुगडं पुरत नव्हतं.

डोळ्यांवर हात धरून ती ओरडली, "साहेब, मले काई माईत नाई जी! मी इथी नुसती बसून राह्यली!"

"सोनाबाई, मी आहे," दाजीसाहेब खाली उतरून म्हणाले.

"मांडव मालकाचा हाय जी. मालकाले विचारा. लाकूड बी मालकाच्याच जंगलातलं."

"अगं, मीच मालक!"

ती खांबांवरून हलली नाही. "कायले गरिबाची थट्टा करता साहेब? मालकाचे डोये असे नसतेत. मालकाचे डोये पिवये, लांब-लांब. हे त जंगलवाल्याचे डोये हायेत."

दाजीसाहेब मोटारीसमोर आले आणि स्वतःच्याच दिव्यांत उभे राहिले. तेव्हा कुठे तिनं त्यांना ओळखलं. मग लुगडं सावरत मोठ्यानं हाक मारली, "या रे! मालकच हायेत! जंगलवाल्याचे डोये लावून फिरून राह्यले!"

अंधारातून हळूहळू माणसं आली. सगळ्यांत पुढे माझे वडील होते. इतक्या वर्षांची कोतवाली केलेला माणूस नाल्यात लपून चिखलानं माखला होता. त्यांनी आधी मालकांना हात जोडले आणि मग माझ्याकडे वळले. "हेच शिकोलं का तुले नागपूरले?"

दाजीसाहेब परतीच्या वाटेवर म्हणाले, "जंगल घेतलं ते घेतलं. आता माझ्या मोटारीचे डोळेही त्यांचेच."

मी रात्र न दवडता काम सुरू केलं. दिवे रेडिएटरपासून काढून दोन टोकांच्या मडगार्डांवर लोखंडी पट्ट्यांनी बसवले, जुन्या दिव्यांइतक्याच अंतरावर. मिठाईच्या दुकानातून पिवळा कागद आणून काचांवर चिकटवला. प्रकाश निम्मा झाला, पण हळदीचा झाला. भिंतीसमोर मोटार उभी केली तेव्हा मला माझं लहानपण दिसलं. दाजीसाहेब म्हणाले, "आता ठीक."

पुढच्या सभांना लोक पळाले नाहीत. हे मी कामाच्या बाबतीत यश समजतो. कोसमटोल्याला शेकोटीभोवती सगळे होते. वळणावर पिवळे गोळे दिसले, कोणीतरी म्हणालं, "मालक येऊन राह्यले," आणि सगळे बसून राहिले.

मी गाडीतून पाहत होतो. दाजीसाहेबांचा पाय ब्रेकवर होता. ते थांबले, दार उघडलं, आणि उतरण्यापूर्वी क्षणभर तसेच राहिले. इतकी वर्षं त्या दाराच्या आवाजाआधी माणसं उठलेली असत. आता एकानं सरकून शेकोटीजवळ जागा केली आणि म्हटलं, "या ना मालक, बसा जी. थंडी हाय."

अपमान कोणाच्याच मनात नव्हता. धान कापून माणसं थकली होती. मालगुजारी गेली होती. शेकोटीजवळ जागा होती. पण दाजीसाहेबांनी उभ्यानंच भाषण केलं आणि ते पहिल्या दिवशीच्या बकरीपुढच्या भाषणाइतकं चांगलं झालं नाही. शेवटी एकानं विचारलं, "निस्तार मियवून देतो म्हणता त मालक, जंगल तुमचं होतं तवा तुमचा दिवाणजी काऊन अडवे आमाले?" लोक हसले. दाजीसाहेबही हसले, पण उशिरा.

देवरावजी शिंपी निवडून आले. दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे बाजारात मशीन घेऊन बसले, फक्त गळ्यात टेपच्या जोडीला हार होता.

त्यानंतर काही दिवसांनी दाजीसाहेब गॅरेजात आले. रहीमभाईंनी चहा मागवला. दाजीसाहेबांनी तो घेतला नाही. मला बाजूला बोलावून म्हणाले, "ते दिवे पुन्हा आत बसव. पहिल्यासारखे. कागद काढून टाक."

मला समजेना. "पण दाजीसाहेब, मग पुन्हा लोक..."

"हो," ते म्हणाले. "पळू देत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या खडूच्या रेघेकडे पाहत होते. "बसून राहणारी माणसं पाहवत नाहीत. उठत नाहीत तर नाही. निदान पळतील तरी."

ज्या माणसानं मला बूट घेऊन दिले त्याला मी नाही कसं म्हणणार? मी दिवे आत बसवले. पहिल्यापेक्षाही सफाईदार बसवले. त्या संध्याकाळी ते सावरटोल्यावरून मुद्दाम चक्कर मारून आले आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजवरून जाताना गाडी न थांबवता मला म्हणाले, "सगळं गाव पळालं!" हारतुरे मिळाल्यासारखा चेहरा होता.

आठवडाभर गाव पळालं. मग थोडं पळालं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जंगलवाले इतक्यांदा येत नाहीत, आणि आले तर खाली उतरल्याशिवाय जात नाहीत. हे डोळे येतात आणि नुसते जातात. म्हणजे हे मालक. मग गावानं एक नवी खूण मनात नोंदवली: जवळजवळचे पांढरे डोळे, मालक. पळायचं कारण नाही.

पुढचं वाचकांनी ओळखलंच असेल. एका संध्याकाळी खरी जीप आली. जंगलातून लोक नुकते परतले होते. मोळ्या अंगणात, कुऱ्हाडी हातात. वळणावर पांढरे डोळे दिसले. "मालक फिरून राह्यले," म्हणून कोणी हललं नाही. सोनाबाईनं तर हात वर करून रामराम केला. जीप थांबली, माणसं उतरली, मोळ्या गेल्या, कुऱ्हाडी गेल्या. कुऱ्हाड गेली म्हणजे त्या घराचा हातच गेला. सोनाबाईची कुऱ्हाड तिच्या नवऱ्याच्या हातची होती. नवरा आधीच गेलेला होता.

वडिलांनी हे मला सांगितलं ते रागानं नव्हे. राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सोनाबाई वाड्यावर गेली होती. मालकाले म्हणे, तुमीच असान वाटलं जी मले. म्हून बसून राह्यली."

"मालक काय म्हणाले?"

"तिले बसाले सांगितलं."

दोन दिवसांनी मोटार गॅरेजात आली. दाजीसाहेब उतरले आणि म्हणाले, "काढ."

"पिवळा कागद लावून बाहेर बसवू?"

"काढ म्हटलं ना. दोन्ही. दुसरेही नको."

"दाजीसाहेब, मग अंधार पडल्यावर..."

"अंधार पडायच्या आत घरी जाईन. सगळे जातात."

मी दिवे काढले. वाट्यांची दोन गोल भोकं उरली. ती पत्रा ठोकून बुजवायला मी निघालो होतो, पण त्यांनी थांबवलं. मोटार तशीच हवी होती की घरी जायची घाई होती, ते मला कळलं नाही. संक्रांत जवळ आली होती, मलाही गावी जायचं होतं, म्हणून त्यांच्याच मोटारीत मी निघालो. ऊन चांगलं होतं.

गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सोनाबाई उभी होती. शेजारी मोळी. आम्हाला पाहून ती ना पळाली ना वाकली. तिनं बस थांबवतात तसा हात आडवा केला.

दाजीसाहेबांनी मोटार थांबवली. थांबवली त्याचं त्यांनाच नवल वाटलं असावं.

"गावापर्यंत न्या जी मालक. गुडघे उठू देत नाईत."

ती मागच्या गादीवर चढून बसली. मोळी मी तिच्या पायाशी ठेवली. गादीवर सालपटं पडली. दाजीसाहेबांनी आरशातून ते पाहिलं आणि गिअर टाकला.

मधे जंगलखात्याचा नाका. दिवसाढवळ्या, बिनडोळ्यांच्या मोटारीला सलाम कोण करणार? नाकेदार सावकाश उठून आला, खिडकीतून वाकला. "ही मोळी कोणाची?"

सोनाबाईनं तोंड उघडलं. त्याआधी दाजीसाहेब म्हणाले, "माझी."

"तुमची? मालक, तुमी मोळी..."

"माझी. पास नाही."

नाकेदार कानाची पाळी खाजवत राहिला. मग त्यानं नियमाप्रमाणे मोळी उतरवून घेतली. तो चांगला माणूस होता, नियमापुढे त्याचा इलाज नव्हता. मोळी खाली पडली तशी मागच्या गादीवरून सोनाबाई ओरडली, "लाकूड ठेवा जी, पण दोर माहा हाय! दोर सोडून द्या!"

नाकेदार म्हणाला, "ज्याची मोळी त्यानं सोडावा."

दाजीसाहेब खाली उतरले. मी उतरायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. ते उकिडवे बसले. ओल्या दोराची गाठ घट्ट आवळलेली होती आणि त्यांच्या बोटांना गाठींची सवय नव्हती. एक टोक ओढलं की दुसरं आवळे. धोतर मातीला लागलं. आम्ही सगळे पाहत होतो, नाकेदार, मी आणि सोनाबाई. सोनाबाई मोटारीतच बसून होती. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती त्यांना सांगत होती, "तसं नाई जी मालक. खालून. हां, खालून काढा."